फी माफ झाली, मेसचं काय?

"पोरींचं शिक्षण फुकट केलंय म्हणता न्हवं? मग ही पावती कशाची फाडली?"

तात्यांनी पावती कट्ट्यावर पसरली आणि उडू नये म्हणून वर चहाचा ग्लास ठेवला. मुलगी इंजिनिअरिंगला लागलेली, ओबीसीतून, कॅप राउंडमधून. कॉलेज विद्यापीठाशी संलग्न, विनाअनुदानित.

अण्णांचं अख्खं आयुष्य कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या टेबलावर गेलंय. त्यांनी ग्लास बाजूला केला आणि पावती ओळीओळीनं वाचली. "ट्यूशन फी लावलेलीच नाही, तात्या. हे बघा, शून्य. लावलंय ते विकास शुल्क, अनामत, जिमखाना, ग्रंथालय, विमा आणि बस. ८ जुलै २०२४ चा जीआर काय म्हणतो? शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. एवढंच."

"मग पेपरात 'मोफत शिक्षण' कशाला छापलं?"

"पेपरात मथळा एवढाच मावतो," सर म्हणाले.

मग त्या जीआरची चिरफाड झाली, आणि ती व्हायलाच हवी होती, कारण निम्म्या घरांत गैरसमज याच्यावरूनच होतात. लाभ ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना, २०२४-२५ पासून. पूर्वी त्यांना निम्मं मिळायचं, आता पूर्ण मिळतं. आईवडिलांचं एकत्रित उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. अभ्यासक्रम व्यावसायिक हवा आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा किंवा संस्थेच्या पातळीवरची फेरी असली की विषय संपला. अभिमत आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात येत नाहीत. मुलगी आधीच दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असली तरी चालतं. बाकी अटी जुळायला हव्यात.

"आणि मुलगा असला तर?" पिंट्यानं विचारलं. तो ई-सेवा केंद्र चालवतो, उत्तर त्याला माहीत असतं. पण तात्यांना ऐकवायचं होतं.

"खुल्या गटातला, ८ लाखांच्या आतला आणि कॅपमधून आलेला असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. ट्यूशन फीच्या निम्मे. विकास शुल्क त्यातही नाही. शिवाय घरातल्या पहिल्या दोन अपत्यांनाच. तसं प्रतिज्ञापत्र लागतं."

ताई इतका वेळ गप्प होत्या. विद्यार्थी संघटनेत असल्यानं असल्या पावत्या त्या रोज बघतात. त्या म्हणाल्या, "तात्या, या पावतीत अनामत आहे ना, ती परत मिळते. पावती जपून ठेवा. चौथ्या वर्षी निम्मी पोरं अनामत मागायलाच विसरतात. आणि ट्यूशन फी आधी भरा, शासनाकडून आली की परत देतो, असं कुणी म्हटलं तर लेखी मागा. पात्र मुलीकडून ती फी प्रवेशाच्या वेळी घ्यायचीच नाही. लेखी मागितलं की सूर बदलतो."

अण्णा जरा अस्वस्थ झाले. "ताई, कॉलेजची बाजू पण बघा. शासनाचा हप्ता वर्ष उलटलं तरी येत नाही. पगार कशातनं करायचे?"

"तो हिशोब संस्थेनं शासनाशी मांडावा. पोरीचा गळा कशाला धरायचा?"

इथं पहिला चहा संपला. दुसरा सांगेपर्यंत पिंट्यानं विषय आपल्या प्रांतात ओढून नेला. त्याचं म्हणणं असं की शासन पैसे देत नाही ही ओरड निम्मी खरी आहे. उरलेले पैसे अर्जातच अडकतात, आणि कुठं अडकतात ते ठरलेलं आहे.

"सगळ्यात मोठी भानगड आधारची. पोरगं म्हणतंय, खातं आधारला लिंक आहे. बँकेत केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग, म्हणजे पैसे घ्यायला खातं आधारला जोडणं, झालं असं नाही, भावा. डीबीटीचा, म्हणजे सरकार थेट खात्यात टाकतं तो पैसा अकाउंट नंबर बघून जातच नाही. तो एनपीसीआयच्या मॅपरमध्ये, म्हणजे कुठलं आधार कुठल्या बँकेला जोडलंय त्या यादीत, आधारपुढं ज्या बँकेचं नाव आहे तिथं जातो. आणि शेवटी ज्या बँकेत सीडिंग केलं तीच बँक तिथं असते. पोरानं मोबाइलच्या दुकानात सिम घेताना कुठल्यातरी पेमेंट बँकेचं खातं उघडलं, अंगठा दिला, की गेलं सगळं तिकडं. मग हे स्टेट बँकेचं पासबुक घेऊन भरून आणतंय आणि म्हणतंय पैसे आले नाहीत."

"बघायचं कसं?" तात्या.

"माय आधारच्या साइटवर जायचं, ओटीपी टाकायचा, 'बँक सीडिंग स्टेटस' उघडायचं. बँकेचं नाव, ॲक्टिव्ह आहे की नाही आणि तारीख, सगळं दिसतं. नको ती बँक असली तर हव्या त्या बँकेत जाऊन डीबीटीसाठीचा आधार सीडिंगचा फॉर्म भरायचा. काही दिवसांनी परत बघायचं. अर्ज भरायच्या आधी हे काम, नंतर नाही."

त्यात आणखी एक बारीक गोम आहे, ती अण्णांनी सांगितली. काही पोरांची खाती बँकेच्या भाषेत 'छोटी खाती' असतात, पुरेशा कागदपत्रांविना उघडलेली. अशा खात्यात वर्षभरात १ लाखापेक्षा जास्त जमा होत नाही आणि एका वेळी शिल्लक ५० हजारांवर जाऊ शकत नाही. शासकीय लाभाला शिलकीच्या मर्यादेतून नियमात सूट आहे, तरी मोठा हप्ता कधीकधी परत फिरतो आणि पोर्टलवर नुसतं 'फेल' दिसतं. कारण कुणी सांगत नाही. पूर्ण केवायसी केली की प्रश्न मिटतो.

"आणि ओटीपीचं?" ताईंनी आठवण केली.

"आधारला बापाचा जुना नंबर, तो बंद पडलेला. शिवाय वयाच्या पंधराव्या वर्षानंतर बोटांचे ठसे अपडेट करायचे असतात, ते राहिलेले. ऐन मुदतीत आधार केंद्रात रांग. दहावीच्या सुट्टीत करून टाकावं."

पुढं महाडीबीटीच्या, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या, अर्जावर घसरले. कागद १५ ते २५६ केबीत बसवायचा म्हणून लोक मोबाइलवर काढलेला फोटो दाबत दाबत इतका बारीक करतात की दाखल्यावरचा बारकोड आणि क्रमांक दिसेनासे होतात. कॉलेजचा क्लार्क मग तो अर्ज परत पाठवतो. पिंट्याचा उपाय साधा आहे: फोटो काढूच नये, काळ्यापांढऱ्यात स्कॅन करून पीडीएफ करावी. आकारही बसतो, अक्षरही दिसतं.

"अर्ज परत आलाय हे पोराला कळतं का पण?" सरांनी नेमकं विचारलं.

पिंट्यानं मान खाली घातली. त्याच्या धंद्यातले काही जण अर्जात स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतात. मेसेज त्यांना येतो, पोरगं गाफील राहतं, मुदत संपते. "म्हणून आठवड्यातनं एकदा स्वतः लॉगिन करून स्टेटस बघावं. 'सेंट बॅक' दिसलं की शेरा वाचायचा, दुरुस्त करायचं आणि परत सबमिट करायचं. नुसतं दुरुस्त करून सोडलं तर अर्ज तिथंच बसतो."

अभ्यासक्रमाच्या नावाचाही एक सापळा आहे, आणि त्यात विद्यार्थ्याचा दोष शून्य. कॉलेजनं त्या वर्षीचा अभ्यासक्रम आणि फीची रचना पोर्टलवर मंजूर करून घेतलेली नसली, तर यादीत तो अभ्यासक्रम दिसतच नाही. पोरगं मिळतंजुळतं नाव निवडून मोकळं होतं. कॉलेजच्या टेबलावर ते खपतंही कधीकधी. पण पुढं विभागाच्या टेबलावर आपटतं. तोवर पुढचं वर्ष लागलेलं असतं, आणि मागचा अर्ज मंजूर नसल्यानं नूतनीकरणाचा पर्यायच उघडत नाही. यादीत आपला अभ्यासक्रम दिसला नाही, तर निवडायचं काही नाही. थेट कॉलेजच्या ऑफिसात जायचं.

"उत्पन्नाच्या दाखल्याचं बोला," तात्या म्हणाले. "मला तलाठ्यानं तीन फेऱ्या मारायला लावल्या."

"कारण तुम्ही जूनमध्ये गेलात," पिंट्या म्हणाला. "३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं. एप्रिल उजाडला की अर्ज टाकायचा. जूनमध्ये अख्खा तालुका येतो."

इथंवर सगळं पिंट्याच्या बाजूनं चाललं होतं: कागद नीट करा, पैसे मिळतील. सरांना ते सहन होईना. अर्थशास्त्र शिकवणारा माणूस, त्यातून कोल्हापूरचा.

"कागद सगळे नीट आहेत असं धरू. मिळतं किती? अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख. साधं बी.ए., बी.एस्सी. म्हणजे तिसरा गट. होस्टेलला राहणाऱ्याला निर्वाह भत्ता वर्षाला ६,०००, घरून येणाऱ्याला ३,०००. दहा महिन्यांवर वाटा. महिना सहाशे. सहाशेत कुठली मेस चालते ते दाखवा मला."

"इंजिनिअरिंगला जास्त आहे की," अण्णा म्हणाले.

"पहिल्या गटाला १३,५०० आणि ७,०००. म्हणजे होस्टेलवाल्याला महिना साडेतेराशे. शाहू महाराजांनी १९०१ साली इथं, कोल्हापुरात, पहिलं बोर्डिंग काढलं, ते फी भरायला पैसे नव्हते म्हणून नव्हे. खेड्यातनं आलेल्या पोराला शहरात राहायला आणि जेवायला सोय नव्हती म्हणून. सव्वाशे वर्षांनी आपण परत फी, फी करत बसलोय. अनुदानित कॉलेजात बी.ए.ची ट्यूशन फी शेकड्यांत असते. पोरगं गळतं ते खोलीभाड्यानं."

या मुद्द्यावर सर बरोबर होते असं माझं मत. पण ताईंनी त्यांना अर्ध्यावर थांबवलं. "स्वाधार आहे ना सर. शासकीय वसतिगृहात अर्ज केला आणि जागा मिळाली नाही, अशा अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना. पुण्या-मुंबईत वर्षाला ६०,०००, मधल्या शहरांत ५१,०००, इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००."

सरांनी लगेच बोटांवर फोड केली. त्र्येचाळीस हजारांत २५,००० जेवणाचे, १२,००० राहण्याचे, ६,००० किरकोळ. म्हणजे जेवणाला महिना अडीच हजार, खोलीला बाराशे. "तिघांनी मिळून एक खोली घेतली तर निघेल. पण हे पैसे येतात कधी? घरमालक भाडं एक तारखेला मागतो."

"हे मात्र खरं," ताई म्हणाल्या. "आणि अटीत पोरं अडकतात. शिकतोय त्या शहराचा रहिवासी असून चालत नाही. हजेरी ७५ टक्के लागते. वसतिगृहाचा अर्जच केला नव्हता तर स्वाधारचा दावा कमजोर होतो. म्हणून जागा मिळणार नाही हे माहीत असलं तरी वसतिगृहाचा अर्ज भरायचाच." आदिवासी विद्यार्थ्यांना स्वयम्, ओबीसी-भटक्यांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, नोंदणीकृत मजूर आणि अल्पभूधारकांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. नावं वेगळी, धडपड तीच. पंजाबरावची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: शाहू शिष्यवृत्ती घेतली तरी ती वेगळी मिळते, कारण एक फीसाठी आहे आणि दुसरी राहण्यासाठी. पुष्कळ जण 'एकच योजना चालते' असं समजून दुसरा अर्ज भरतच नाहीत.

खरा भडका उडाला तो साठ-चाळीसवर.

२०२१ पासून अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. आधी राज्यानं आपला वाटा द्यायचा, मग केंद्राचा वाटा सरळ विद्यार्थ्याच्या आधार-जोडलेल्या खात्यात येतो. त्यात कॉलेजच्या फीचा भागही असतो. तो विद्यार्थ्यानं कॉलेजात नेऊन भरायचा.

"आणि तो भरत नाही," अण्णा म्हणाले. "खात्यावर एकदम चाळीस हजार दिसले की घरात बियाणं आठवतं, सोसायटीचा हप्ता आठवतो. आम्ही पत्र पाठवून दमतो. पैसा पूर्वीसारखा थेट कॉलेजला यायला हवा."

"थेट कॉलेजला यायचा तेव्हा काय काय व्हायचं ते मी सांगू?" ताईंचा आवाज चढला. "प्रवेश नसलेल्या पोरांच्या नावावर पैसे उचललेले. पोरांना पत्ता नाही की आपल्या नावानं काय आलं. आज निदान मेसेज तरी येतो."

"येतो, पण कशाचे ते लिहिलेलं नसतं," पिंट्या म्हणाला. "पोरगं विचारायला माझ्याकडं येतं, हे फीचे की खायचे?"

खरा दोष इथं आहे, आणि तो अण्णांचाही नाही, पोरांचाही नाही. खात्यात आलेल्या रकमेपैकी फी किती आणि भत्ता किती, हे विद्यार्थ्याला त्याच दिवशी समजलं तर निम्मी भांडणं होणारच नाहीत. कॉलेजला करता येण्यासारखं काम आहे ते: प्रवेशाच्या वेळीच प्रत्येकाला एक कागद द्यायचा, तुझी एकूण शिष्यवृत्ती एवढी, त्यात फी एवढी, साठ टक्के आल्यावर यातले इतके आमचे. अण्णा म्हणाले, माणसं नाहीत टेबलावर. ताई म्हणाल्या, एक्सेलची एक शीट आहे, माणसं कशाला. दोघांनी माघार घेतली नाही.

तात्यांना यातलं काही लागू नव्हतं. त्यांनी पुतण्याचं काढलं. बारावी सायन्सला चांगले मार्क, बी.एस्सी.ला अनुदानित कॉलेजात, भावाचं उत्पन्न तीन लाखांच्या आसपास, खुला गट.

"मग महाडीबीटीच्या मागं लागू नका," सर म्हणाले. "राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल. केंद्राची पीएम-यूएसपी. बोर्डाच्या वरच्या वीस टक्क्यांत बसत असला आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलं, तर पदवीला वर्षाला १२,०००, पुढं एम.एस्सी.ला २०,०००. ही घेतली तर दुसरी शिष्यवृत्ती किंवा फीची प्रतिपूर्ती घेता येत नाही. पण त्याची फी माफी शेकड्यांत असणार. बारा हजार सोडून ती घेणारा वेडा."

"तिथं आधी ओटीआर, म्हणजे एकदाच करायची नोंदणी, काढावी लागते," पिंट्या. "मोबाइलवर चेहरा दाखवून. आधारवरचं नाव आणि बारावीच्या मार्कलिस्टवरचं नाव ताळून बघा. आणि अर्ज भरला की कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याकडनं पडताळणी करून घ्या. तो क्लिक करत नाही तोवर अर्ज पुढं सरकत नाही."

"आमच्याकडं कोण आहे नोडल?" तात्यांनी अण्णांकडं पाहिलं.

अण्णांनी पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेननं दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीचा नंबर लिहिला. खाली लिहिलं: पुढच्या वर्षी नूतनीकरणाला ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी. मग म्हणाले, "सोमवारी साडेअकरानंतर जा. आधी गेलात तर परीक्षा फॉर्मची रांग असते."