हिरवं पान काढा, पुढचं सोपं आहे

पर्यावरणपूरक मिक्सर डिझाइन करायचाय? आधी खोक्यावर हिरवं पान रंगवून घ्या. अवघड काम तिथेच उरकलं.

आता आतलं. मिक्सरमध्ये कपलर, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणारा दातेरी तुकडा, मुद्दामच मोटरपेक्षा नाजूक ठेवलेला असतो. चटणीत पाणी कमी पडून पातं अडकलं, की कपलरचे दात जातात आणि मोटर वाचते. हा स्वस्तातला तुकडा बदलून एकच मिक्सर वीस वर्षं चालवणाऱ्या सदाशिव पेठेतल्या आजी तुमच्या धंद्याच्या मुळावर उठल्या आहेत. म्हणून दर मॉडेलला कपलरचा आकार अर्ध्या मिलिमीटरने हलवा. तापकीर गल्लीतला दुकानदार चार डबे पालथे घालून "ह्याचा नाही येत" म्हणाला, की समजा डिझाइन जमलं.

कपलरच्या मागोमाग मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजतात. ते बदलायला तळ उघडावा लागतो. तीन स्क्रू साधे ठेवा, चौथा मात्र त्रिकोणी खाचेचा, खोल भोकात, वरून रबरी पाय चिकटवलेला. मेकॅनिक तीन काढतो, झाकण हलतं पण निघत नाही; मग तो स्क्रूड्रायव्हर घालून उचकटतो आणि स्क्रूची आतली प्लॅस्टिकची नळी चिरते. ती परत जोडता येत नाही. वॉरंटीवाल्यांना सांगायला बरं: गिऱ्हाइकानेच मोडलं.

कवच नुसत्या एबीएस प्लॅस्टिकचं केलंत, तर भंगारवाला ते दळून पुन्हा प्लॅस्टिकचा दाणा करेल. तेव्हा भोसरीच्या टूलरूमला, म्हणजे साचे करणाऱ्यांना, सांगून मोल्डिंगमध्येच स्क्रूसाठी पितळी इन्सर्ट बसवा आणि वर मऊ रबराची पकड ओता. पितळाने दळणयंत्राचं पातं तुटतं, रबर मिसळलेला दाणा कोणी धड भावाने घेत नाही. रंग काळा. काजळीचा काळा रंग कचऱ्यातलं प्लॅस्टिक वेगळं करणाऱ्या निवडयंत्राचे इन्फ्रारेड किरण गिळून टाकतो आणि यंत्राला प्लॅस्टिक ओळखू येत नाही. पुण्यात बरीचशी निवड हातानेच होते, ही अडचण खरी; पण आतल्या बाजूला कोरायची प्लॅस्टिकच्या प्रकाराची खूण गाळलीत, की कचरावेचक ताईंचाही प्रश्न मिटला.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांची धास्ती नको. त्यांत जबाबदारी उत्पादकावर आहे. ड्रॉइंग तुम्ही काढलं होतं, हे मीटिंगमध्ये बोलायची गरज नाही.

आणि हो, खोक्यावर प्लॅस्टिकचं लॅमिनेशन चढवा. त्याचा कागदाबरोबर लगदा होत नाही, पण पान कसं पावसातसुद्धा हिरवंगार राहतं.