उन्हाळ्यातल्या टायरच्या मेसेजला उत्तर

ऊन तापायला लागलं की जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. म्हणणं असं: आपल्याकडे ४५ अंशांचं ऊन, मऊ टायर वितळतात, म्हणून ट्रेडवेअरचा (टायर किती हळू झिजतो हे सांगणारा, टायरच्या बाजूवर छापलेला) आकडा सगळ्यात मोठा असेल तेच टायर घ्या, दोनच बदलायचे तर नवी जोडी पुढे टाका, उन्हाळ्यात हवा चार-पाच पीएसआय कमी ठेवा किंवा नायट्रोजन भरा, आणि गाडी दमदार असेल तर टायर रुंद करा. स्लाव्हिया १.५, व्हर्टस जीटी, व्हर्ना टर्बो अशा दीडशे हॉर्सपॉवरच्या घरातल्या गाड्या आता आपल्याकडेही दिसतात. सगळ्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. त्यांना तर हा सल्ला फारच महागात पडेल.

वितळण्याचं आधी मिटवू. टायरचं रबर व्हल्कनाइज केलेलं, म्हणजे गंधक घालून तापवून पक्कं केलेलं असतं, ते मेणासारखं वितळत नाही. दुपारी डांबर साठ अंशांच्या वर जातं हे खरं, पण उन्हाचा मार वेगळा: रबर हळूहळू कडक होतं, चिरा पडतात. म्हणून दुकानात टायरच्या बाजूवरचे, तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. जुना माल स्वस्तात गळ्यात मारणारे भेटतातच.

आता ट्रेडवेअर. ४०० म्हणजे चाळीस हजार किलोमीटर, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. १०० आकड्याच्या ठरवून दिलेल्या टायरच्या मानाने तो चाचणीत चौथ्या हिश्शाइतकाच झिजला, एवढाच अर्थ. ही चाचणी अमेरिकेत, टेक्सासच्या रस्त्यांवर सुमारे ११,६०० किलोमीटर, गाड्या रांगेने चालवून होते आणि आकडा कंपनी स्वतःच देते. एकाच कंपनीचे दोन टायर ताडून बघायला तो ठीक. दोन कंपन्यांमध्ये त्याच्यावर भांडू नका. शेजारचं ट्रॅक्शनचं, म्हणजे पकडीचं अक्षरही फक्त ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक मारल्यावरचं आहे, वळणावरचं नाही.

आणि या गाड्यांची खरी अडचण वेगळीच. पुढचीच चाकं गाडी ओढतात, वळवतात, ब्रेकचा मोठा भारही तीच घेतात. दुसऱ्या गिअरला २५० एनएम टॉर्क (इंजिनचा चाक फिरवणारा जोर) एकदम आला की मोठ्या आकड्याचं कडक रबर पकडतच नाही, जागेवर घासतं. मोठ्या आकड्याचा फायदा तिथेच संपला. मधला आकडा आणि ओल्यात चांगली पकड, हे बघून घ्या.

नवी जोडी पुढे? नाही भो, मागे. पावसात चाळीसगाव-कन्नडच्या औट्रम घाटात वळणावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे येतं, मागचा भाग हलका होतो. तिथे गोटा झालेले टायर असतील तर गाडीची शेपटी फिरते आणि सावरायला वेळ मिळत नाही. पुढची पकड सुटली तर गाडी वळणाबाहेर ओढते, पण वेग कमी केला की बहुतेकदा ताब्यात येते. मागचे पुढे आणा, नवे मागे टाका. दर ८-१० हजार किलोमीटरला पुढचे-मागचे अदलाबदल केले तर चारही सोबतच संपतात आणि हा वादच उरत नाही.

हवा कमी करण्याचा सल्ला मात्र निव्वळ धोकादायक. टायर फुटतो तो बहुधा कमी हवेमुळे: बाजू जास्त दुमडते, आतून तापते. दर पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय वाढतो. सकाळी थंड टायरमध्ये ३३ भरले तर धुळे-जळगाव धावून आल्यावर ३८ दिसतील. ते गृहीत धरूनच कंपनीने दाराजवळच्या स्टिकरवर आकडा दिलाय. तापलेली हवा सोडून ३३ केलीत, तर दुसऱ्या सकाळी २८ वर गाडी चालवाल. नायट्रोजनही तापल्यावर तसाच वाढतो; साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच.

रुंदीचं थोडक्यात: २०५/५५ आर१६ च्या जागी २१५/५५ टाकलं तर चाक पावणेदोन टक्क्यांनी मोठं होतं, स्पीडोमीटर कमी दाखवतं. पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतं, आणि चाकोऱ्या पडलेल्या रस्त्यावर जोरात रेस दिली की स्टेअरिंग जास्त ओढतं.

टायर टिकवायचे असतील तर आधी अलाइनमेंट बघा. पुढच्या टायरच्या नक्षीवरून, विशेषतः आतल्या कडेला, आडवा हात फिरवा. एकीकडून गुळगुळीत आणि उलट फिरवल्यावर बोटांना धार लागली, तर टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, बिघडलाय. नवे टायर घ्यायच्या आधी अलाइनमेंट करून घ्या.