खुलासा: पावातलं यीस्ट पोटात प्रोटीन बनवत नाही

परळ-लालबागकडच्या जिमच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘पावाच्या यीस्टमध्ये आयएलव्ही-६ हे जनुक असतं. ते पोटात जाऊन व्हॅलिन आणि आयसोल्युसिन तयार करतं. रोज पाव खा, अंडी-पावडरीवर पैसे घालवू नका.’

हे साफ चूक आहे.

जनुक मात्र खरं. ते यीस्टच्या तिसऱ्या गुणसूत्रावर आहे, ज्याच्या डीएनएचा पूर्ण क्रम १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. पण व्हॅलिन आणि आयसोल्युसिन ही दोन अमिनो आम्लं, म्हणजे प्रोटीनचे घटक, ते एकटं बनवत नाही. त्या वाटेवरच्या ॲसिटोलॅक्टेट सिंथेज या एन्झाइमचे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रोटीनचे, दोन भाग असतात. प्रत्यक्ष रासायनिक काम करणारा भाग आयएलव्ही-२ या दुसऱ्याच जनुकावरून बनतो. आयएलव्ही-६ चा भाग त्याला जोर देतो आणि पेशीत व्हॅलिन साठलं की लगामही घालतो. पुढे आणखी एन्झाइमं लागतात, तेव्हा कुठे व्हॅलिन तयार होतं.

आणि हे सगळं जिवंत यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागात, चालतं. लादी भट्टीतून निघते तेव्हा यीस्ट मेलेलं असतं. उरलेला डीएनए भाजीतल्या, डाळीतल्या डीएनएसारखाच पचून जातो. आपल्या शरीरात हे एन्झाइम नाहीच, म्हणून तर व्हॅलिन आणि आयसोल्युसिन अन्नातूनच घ्यावी लागतात.

वाढत्या वयाची पोरं असलं वाचून अंडी-दूध सोडतील, याची मला खरंच काळजी वाटते. पाव जरूर खा, पण सोबत मटकीची उसळ किंवा अंडाभुर्जी असू द्या. मेसेज आलाच, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.