डी-७६ दहापट घट्ट करता येत नाही

रोल घरी धुणाऱ्यांमध्ये सध्या एक युक्ती जोरात फिरते आहे. डी-७६ या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरची सगळी रसायनं एका लिटरऐवजी १०० मिली उकळत्या पाण्यात विरघळवायची, बाटली घट्ट बंद करून ठेवायची आणि लागेल तेव्हा एकास नऊ पाणी घालायचं. म्हणे ग्रेन (फोटोत दिसणारा चांदीच्या कणांचा रवाळपणा) तेवढाच बारीक येतो आणि बाटली वर्षभर टिकते. वर दोन पुरवण्या: रॉडिनल हा दुसरा, घट्ट द्रवरूपात मिळणारा डेव्हलपर असा चालतो तर हे का नाही, आणि कंपन्या नाहीतरी पाणीच विकतात.

शेवटचा मुद्दा आधी निकालात काढू. डी-७६ पाकिटात मिळतो, पावडर म्हणून. त्यात पाणी नसतंच.

आता विरघळण्याचं. एक लिटर डी-७६ मध्ये २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम निर्जल सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन आणि २ ग्रॅम बोरॅक्स असतं. चित्र उमटवतात ती मेटॉल आणि हायड्रोक्विनोन; बोरॅक्स ही सौम्य अल्कली. म्हणजे वजनाचा जवळपास सगळा भार सल्फाइटचा. २० अंश सेल्सियसला १०० मिली पाण्यात ते साधारण २७ ग्रॅम विरघळतं. या युक्तीत त्याच पाण्यात १०० ग्रॅम घालायचंय. उरलेलं सत्तरेक ग्रॅम तळाशीच बसणार, कितीही ढवळा.

मग पाणी उकळून घ्या, असं उत्तर येतं. साखरेला ते लागू पडतं, सल्फाइटला नाही. तेहतीस अंशांच्या आसपासपर्यंत त्याची विद्राव्यता वाढते आणि त्यापुढे चक्क उतरायला लागते. उकळत्या पाण्यात ती जवळपास पुन्हा वीस अंशांच्या पातळीवर येते. गॅस जळतो तेवढाच.

‘माझं तर विरघळलं’ म्हणणारेही भेटतात. त्यांनी बरणीवरचं लेबल पुन्हा वाचावं. निर्जलऐवजी स्फटिकी सल्फाइट आणलं असेल, तर त्याच्या वजनातलं निम्मं पाणीच असतं. १०० ग्रॅम मोजून हातात पडतं ५० ग्रॅम. आणि कोमट पाण्यात कसंबसं विरघळवलेलं द्रावणही थंडीत तसं राहत नाही. डिसेंबरात नाशिककडे रात्री पारा दहाच्या खाली गेला की बाटलीच्या तळाशी काचेसारखे पारदर्शक खडे धरतात. वरवरचं ओतून घेतलं तर त्या रोलला सल्फाइट कमी आणि मेटॉल पूर्ण. बाटलीतला शेवटचा भाग वापरणाऱ्याचं गणित नेमकं उलटं. मेटॉलचीही वेगळी कुरबुर आहे: दाट सल्फाइटमध्ये ते नीट विरघळत नाही. म्हणूनच आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग बाकीचं, असा क्रम पूर्वीपासून सांगतात.

‘ग्रेन तेवढाच बारीक’ हे तर मुळावरच येतं. डी-७६ सारख्या डेव्हलपरमध्ये ग्रेन बारीक येतो तो मुख्यतः सल्फाइटच्या जोरावर. लिटरला १०० ग्रॅम असलं की डेव्हलप होता होता ते सिल्व्हर हॅलाइडच्या कणांना थोडं विरघळवतं आणि चांदीचे कण मऊ पडतात. समजा, १०० मिलीत मावेल तेवढंच सल्फाइट घेतलं आणि एकास नऊ पाणी घातलं. हाती येतं लिटरला जेमतेम २५ ग्रॅम. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एवढंच सल्फाइट डी-७६ एकास तीन पातळ केल्यावर उरतं, आणि तसं करणारे ते धारदारपणासाठी करतात, ग्रेन थोडा वाढणार हे धरूनच. निगेटिव्ह वाईट येईल असं मी म्हणत नाही. फक्त तिला फाइन ग्रेन म्हणू नका.

रॉडिनलचा दाखला इथेच गळून पडतो. १८९१ सालापासूनचं हे डेव्हलपर पॅरा-अमिनोफिनॉल आणि तीव्र अल्कलीवर चालतं, भरमसाट सल्फाइटवर नाही. म्हणून ते एकास पन्नास पातळ करता येतं, आणि म्हणूनच त्यात ग्रेन ठसठशीत दिसतो. त्याच्या चाहत्यांना तोच हवा असतो. बारीक ग्रेनचं तयार द्रव हवं असेल तर इल्फर्ड या फिल्म कंपनीचं डीडी-एक्स आहे, पण तेही एकास चारच. कारखान्यांना सोडियमऐवजी कितीतरी जास्त विरघळणारं पोटॅशियम सल्फाइट वापरता येतं. आपल्याकडच्या साध्या केमिकलच्या दुकानात ते सहसा नसतं.

टिकण्याचं थोडक्यात. कोडॅक तयार डी-७६ ला काठोकाठ भरलेल्या बंद बाटलीत सहा महिने देतं, अर्ध्या बाटलीत दोन. वर्षभराची गोष्ट कुठून आली कळत नाही. शिवाय मुरताना त्याचा पीएच, म्हणजे अल्कलीपणा, चढतो आणि जोर वाढतो. म्हणून तर पीएच स्थिर राहावा यासाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड दोन्ही ८-८ ग्रॅम घातलेला डी-७६डी निघाला.

जागाच वाचवायची असेल तर रसायनं कोरडीच ठेवा. मी डी-२३ हा दोनच रसायनांचा डेव्हलपर सुचवेन: ७.५ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम निर्जल सल्फाइट, संपलं. दोन वेगळ्या पुड्या मोजून हवाबंद डब्यात ठेवायच्या. आदल्या संध्याकाळी पन्नासेक अंशांच्या ७५० मिली पाण्यात वरच्याच क्रमाने विरघळवायच्या आणि एक लिटर भरायचं. मेटॉलने काहींच्या हाताला पुरळ उठतं, तेव्हा हातमोजे घाला. मे महिन्यात नळाचं पाणीच तिशीच्या पुढे असतं. बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून २० अंशांवर आणावी लागते, ती कटकट मात्र यातही आहेच.