‘झालं गेलं विसर’ म्हणणाऱ्यांनो, थांबा जरा

आज सांगलीच्या स्टँडवर एक मावशी माहेरी परतलेल्या भाचीला चारचौघांत समजावत होत्या, “झालं गेलं विसर गं.” पोरीच्या ओठाला ताजे टाके. डोकंच फिरलं.

विसर काय विसर! टाके ओले असताना विसरायचं नसतं, लिहून घ्यायचं असतं. सिव्हिलला जाऊन ‘नवऱ्याने मारलं’ असं सरळ सांगायचं, ‘पाय घसरला’ नाही. मग डॉक्टर एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टासाठीची वैद्यकीय नोंद करतात, जखम कुठे, केवढी हे नोंदवतात. कोर्टात तोच कागद बोलतो. फोटो त्याच दिवशी काढा आणि दोन दिवसांनी पुन्हा, कारण मुका मार उशिरा काळानिळा पडतो. शरीरावर जबरदस्ती झाली असेल तर शक्यतो अंघोळीआधीच जा. कपडे न धुता कागदी पिशवीत घ्या, प्लॅस्टिकमध्ये ओल धरून पुरावा नासतो. अंघोळ झाली असली तरी जाच, एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. आधी पोलिसांत जा म्हणून उपचार अडवता येत नाहीत.

मावशींची माया खरी असेल, नाही म्हणत नाही. पण मायेने घरात राहायचा हक्क मिळत नाही. तो २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याने मिळतो, घर तिच्या नावावर नसलं तरी. त्याच कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल लिहून घेतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बाईला फुकट वकील देतं, उत्पन्न न विचारता. रात्री-अपरात्री महिला हेल्पलाइन १८१ लावा. जीवावर बेतलं तर ११२.

आणि घरच्यांनो, कागद झाले म्हणजे ती बरी झाली असं नाही. कुकरच्या शिट्टीला दचकेल, रात्री ओरडत उठेल. ते नाटक नव्हे, शरीर अजून त्याच घरात अडकलेलं असतं. अशा वेळी मागून हात लावू नका. दिवा लावा, समोर बसा, हळू सांगा: तू आईकडे आहेस, आज अमुक वार आहे, दाराला आतून कडी आहे. पाय जमिनीवर टेकवू द्या. काय काय झालं ते खोदून विचारू नका, आणि ती बोलू लागली तर मध्ये तोडू नका. महिना उलटूनही हेच चाललं तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. त्याआधीही टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं.

कधी ती परत नवऱ्याकडे जाईनही म्हणेल. भांडू नका, टोमणे तर मुळीच नकोत. एमएलसीची प्रत, आधार, मुलांचे दाखले तुमच्याकडे ठेवून घ्या आणि तिचा फोन कधीही आला तरी उचला.