खुलासा: ट्रॅव्हलरचं लाकूड शोभेचं नाही

'मॉरिस मायनर ट्रॅव्हलरची लाकडी चौकट शोभेची. सागवान, पाइन काहीही बसवा,' असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. १९५३ ते १९७१ दरम्यान बनलेल्या या ब्रिटिश गाडीचा मागचा सांगाडाच ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाचा आहे. ॲल्युमिनियमचे पत्रे आणि काचा त्याच्याच आधारावर असतात. म्हणूनच चौकट कुजली की ब्रिटनच्या एमओटी या सक्तीच्या वाहन तपासणीत गाडी नापास व्हायची.

सागवान लवकर कुजत नाही, हे मात्र खरं. पण ते तेलकट, सांधे चिकटवायला त्रासदायक. शिवाय ॲशसारखे धक्के सोसत नाही. ॲश चिवट, फक्त ओलीला कच्चं, तेव्हा वार्निश हवंच. सरळ रेषांचं, बिनगाठीचं बघून घ्या.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.