गल्लीत झाडं येतायत? वेळीच सावध व्हा

तर तुमच्या गल्लीचा नवीन नकाशा आलाय म्हणे. रुंद फुटपाथ, मधे मधे झाडं, बसायला बाक, आणि कडेच्या पार्किंगच्या चार-पाच जागा गायब. घाबरू नका. असले नकाशे हाणून पाडायला फार अक्कल लागत नाही, फक्त मीटिंगला लवकर पोचून पुढची खुर्ची पकडावी लागते.

सुरुवात कायम एकाच वाक्याने करायची, "माझा झाडांना विरोध नाही, पण..." या पणच्या पुढे काहीही खपतं. पानं पडतात, पक्षी घाण करतात, मुळं पाइपलाइन फोडतात, आणि सावली झाली की लोक येऊन बसतात, आता रस्त्यावर लोकच बसायला लागले तर मग राहिलं काय. यातला मुळांचा मुद्दा सगळ्यात भारी, कारण तो थोडासा खरा पण आहे. चारी बाजूंनी काँक्रीट ओतून बुंध्याभोवती वीतभर आळं ठेवलं तर मूळ बिचारं जागा शोधत फरशी उचलणारच की. मोठा खड्डा, मोकळी माती, पावसाचं पाणी मुरायला जागा दिली तर हा त्रास बराच कमी होतो, पण कोणी हे समजवायला लागलं की लगेच विषय बदला.

विषय बदलायला ॲम्ब्युलन्स. "ॲम्ब्युलन्स कशी येणार?" म्हटलं की अख्खा हॉल गप्प. आज दोन्ही बाजूंना लागलेल्या गाड्यांच्या मधून ती कशी येते हे तुम्ही आजवर कधी विचारलेलं नाहीये, तर आत्ताही विचारू नका. गाड्या अडवणारे पण गरज पडली की खाली दबणारे खांब असतात हे एखाद्या इंजिनिअरला माहीत असतं, त्याला बोलू देऊ नका.

मग दुकानदारांना पुढे करा. गाड्या बंद झाल्या की धंदा बसणार. कोपनहेगनमधे 1962 साली स्ट्रोगेट हा भर बाजारातला रस्ता चालणाऱ्यांसाठी मोकळा केला तेव्हा तिथले व्यापारी पण हेच म्हणत होते, आणि आज किलोमीटरभर लांबीच्या त्या रस्त्यावर माणसांची गर्दी मावत नाही. हे उदाहरण कोणी काढलंच तर शांतपणे म्हणायचं, "ते परदेशात चालतं." जगातल्या प्रत्येक देशात हे वाक्य दुसऱ्या देशाबद्दल बोललं जातं त्यामुळे बिनधास्त वापरा. दक्षिण कोरियाच्या सोलमधे शहराच्या मधोमध रोज लाखाच्या वर गाड्या वाहणारा उंचावरचा हायवे चक्क पाडला, खाली गाडलेला ओढा 2005 मधे परत उघडा केला आणि तरी शहर काही ठप्प झालं नाही. रस्ता कमी केला की थोडा ट्रॅफिक चक्क नाहीसाच होतो कारण लोक बस पकडतात, वेळ बदलतात, किंवा नुसत्या कंटाळ्याने काढलेली गाडी काढत नाहीत. पण तुम्ही म्हणायचं, "सगळा ट्रॅफिक शेजारच्या गल्लीत जाणार", आणि शेजारच्या गल्लीतल्यांना पण घेऊन यायचं.

आता जरा नाजूक विषय. कोणीतरी लहान मुलांचं काढणार. तिथे सांभाळून. नेदरलँड्समधे 1971 साली रस्त्यावरच्या अपघातांत 3000 च्या वर माणसं गेली, त्यात 400 च्या वर मुलं, आणि मग आईबाप मुलाबाळांसकट रस्ते अडवून बसले. आपण ज्याला सायकलींचा देश म्हणतो तो असा भांडून झालाय, जन्मापासून तसा नव्हता. डेल्फ्टमधून सुरू झालेली 'वोनर्फ' नावाची पद्धत 1976 ला त्यांच्या कायद्यात आली. त्यात गल्लीची पूर्ण रुंदी चालणाऱ्यांची, मुलं मधोमध खेळू शकतात आणि गाडीवाला पाहुणा, त्याने माणसाच्या चालीने जायचं. म्हणजे विचार करा, पाहुणा कोण तर तुम्ही! शिवाय हिशोबवाले सांगतात की वेग 50 वरून 30 वर आणला तर धडकेतली ऊर्जा जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येते. यावर उत्तर नाहीये, खरंच नाहीये, मी शोधून पाहिलं. तेव्हा "पालकांनीच लक्ष द्यायला पाहिजे" म्हणून पाणी प्यायला उठायचं.

एवढं करूनही नकाशा पास झाला तर कामात घुसा. फुटपाथ होऊ द्या, पण प्रत्येक गेटपाशी तो खाली उतरवून परत वर चढवा, म्हणजे व्हीलचेअरवाला आणि गुडघेदुखीवाली आजी दोघंही गुपचूप रस्त्याच्या कडेने चालायला लागतात आणि मग तुम्ही बोट दाखवू शकता, "बघा, फुटपाथ वापरतच नाहीत!" मधोमध विजेचा डबा, एक खांब, आणि बाजूला पाटी की हा फुटपाथ चालण्यासाठी आहे. वळणाचे कोपरे चांगले गोल ठेवा, कारण कोपरा काटकोनी असला की गाडीला ब्रेक मारावा लागतो आणि ते बरं दिसत नाही. झाडांऐवजी कुंड्या मागा. कुंडी उचलून बाजूला ठेवता येते, पहिल्या उन्हाळ्यात आपोआप सुकते आणि रिकामी झाली की आपली जागा अडवायला उत्तम. सायकलवाल्यांना हिरवा पट्टा रंगवून द्या, त्यावर गाडी लावली तरी उद्घाटनाच्या फोटोत हिरवळ दिसतेच.

आणि एवढं सगळं करून एखादं झाड चुकून जगलंच, वाढलंच, तर तीन-चार वर्षांनी भर दुपारी खाली उतरून बघा. सगळ्या गल्लीत सावली असलेली ती एकच जागा असेल, आणि तिथे कोणीतरी तुमच्या आधी गाडी लावलेली असेल. बहुतेक तोच, जो मीटिंगला तुमच्या शेजारी बसून पानं पडतात म्हणून ओरडत होता. आता उद्यापासून सकाळी लवकर उठायला लागणार.